पाणी तोडलेलं झाड

बाबा, तुमच्याशी माझं थोडं भांडण आहे आणि भांडणापेक्षा जास्त तुम्हाला विचारायचं आहे, म्हणून लिहायला बसले. मी सध्या स्पेनमध्ये राहते. नोकरी पुण्याच्याच कंपनीची, पण कामाला लॅपटॉप आणि इंटरनेट पुरतं, माणूस कुठंही बसला तरी चालतं. तुम्ही म्हटलं असतं, "मंग शेंदूरजन्याले बसून कर ना वं, तिकडे कायले गेली?" खरं उत्तर इतकंच की मला बघायचं होतं. नवरा नाही, लेकरू नाही, कुणाला विचारायचं नाही. नकाशावर समुद्राकाठी संत्र्याचा एक पट्टा दिसला आणि वाटलं, निदान झाडं तरी ओळखीची असतील. तीही पुरती ओळखीची निघाली नाहीत. पहिल्याच दिवशी बाजारातून संत्रं आणलं आणि सालीत अंगठा घालायला गेले तर नख मोडलं. इथल्या संत्र्याची साल अंगाला घट्ट चिकटलेली असते. लोक सुरीनं सोलतात, काही जण तर ताटात ठेवून काट्यानं खातात. मी बघतच राहिले.

पुण्याच्या वेळेनं काम करते, त्यामुळे उजाडायच्या आधीच माझं ऑफिस सुरू होतं आणि दुपारी मी मोकळी. नेमकं तेव्हा अख्खं गाव खिडक्या लावून बसतं. आपल्याकडे मयत झाल्याशिवाय एवढं सामसूम होत नाही. संध्याकाळी मग सगळे बाहेर, खुर्च्या थेट रस्त्यावर. सुरुवातीला मी रोज फिरून हेच न्याहाळत होते: कोण कुणाशी बोलतं, कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकतात, पाव उघडाच काखेत धरून कसा नेतात. सगळे हसून बोलायचे, पण माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. ते मला लागायचं, बाबा. आपल्या गावात मी रस्त्यानं निघाले तर चार जणी थांबवून काम सांगायच्या आणि मी वैतागायची.

घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, मी वर. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, बोलायला फटकळ. माझं त्यांच्या भाषेचं ज्ञान दूध-भाजीपुरतं, त्यामुळे अवघड बोलणं फोनमधल्या भाषांतरावर चालतं. त्या फोनशी बोलतात आणि फोन माझ्याशी. अंगणात त्यांचं एकच संत्र्याचं झाड आहे. ते आळशी झालंय, अशी त्यांची तक्रार. दोन वर्षं नुसता पाला, यंदाही जेमतेम मूठभर फळं धरलेली. मे संपता संपता त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे निघाल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "एक दिवसाआड नळी सोड. दुसरं काही करू नको." मी मान हलवली आणि वर येऊन हसले. नुसती पानं देणाऱ्या झाडाला कुणी पाणी घालतं का? मृगाचा बहर धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, हे वरुड तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हटलं, बाई परत येतील तेव्हा झाड फुलांनी भरलेलं दाखवू. आपलाही काही उपयोग आहे हे गावाला कळू दे.

तुम्हाला आठवतं का, मी सहा-सात वर्षांची असताना तुम्ही ताणावर सोडलेल्या झाडांची पानं मलूल झालेली बघून मला दया आली होती. मी विहिरीवरून कळशी कळशी आणून एका झाडाच्या आळ्यात ओतली. तुम्ही आलात, ओली माती बघितलीत. "काहून टाकलं वं पाणी? तुले कोनं सांगतलं होतं?" मी रडायला लागले तसे खाली बसलात आणि म्हणालात, "झाडाचे लाड करशीन तं ते पानंच देईन. त्याले वाटलं पाहिजे का आता आपलं काही खरं नाही, तवा ते फुलते." ते वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. नेमकं तेच इथं नडलं.

पानं मलूल झाली, मी खूश. पिवळी पडली, तरी मी निवांत. मग जून सरताना एक कोरडा वारा सुटला आणि अंगणभर पानांचा सडा पडला, त्यात हिरवी पानंही होती आणि ती मूठभर फळंही. त्याच आठवड्यात बाई काठी टेकत परत आल्या. ओरडल्या नाहीत. एक फांदी वाकवून बघितली, मग फोन पुढं धरला. "पाणी का दिलं नाहीस?" मी सांगितलं की माझे वडील संत्रा बागायतदार, आमच्याकडे असंच करतात. त्या म्हणाल्या, "वडिलांची माती कशी आहे?" मी म्हटलं काळी, उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत हात जातो, पण खाली ओल धरून असते. बाईंनी वाकून आळ्यातली मूठभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. नुसती वाळू-खडे, क्षणात मूठ रिकामी. मी महिनोन् महिने त्या अंगणातून ये-जा केली होती आणि एकदाही खाली हात लावून बघितला नव्हता. "झाड गेलं," त्या म्हणाल्या, "तर ऑक्टोबरनंतर दुसरं घर बघ." इथं राहायचा माझा परवाना घराच्या करारावर अडलेला, आणि करार ऑक्टोबरातच संपणार होता. गाशा गुंडाळायची वेळ आली होती. मग त्याच म्हणाल्या, "आता काय करायचं ते वडिलांना विचार." मी म्हणाले, विचारते.

विचारणार कुणाला? दादाला फोन केला. आपला बगीचा तोडून त्याला आता बरीच वर्षं झाली, तो नांदगाव पेठेला सूतगिरणीत आहे. "मले काय विचारतं वं, मी तं सूत पाहून राहिलो दिवसभर," तो म्हणाला. "बाबाच्या मांगंमांगं तूच फिरत होती." तेवढ्यावर फोन ठेवला. मग मी खरंच तुमच्या मागं मागं फिरले, डोळे मिटून, बांधाबांधानं. एका वर्षी ताण जास्त झालेल्या झाडाला तुम्ही ओंजळभर पाणी घातलेलं आठवलं. आई म्हणाली होती, भरपूर घाला की. तुम्ही म्हणालात, "उपाशी मानसाले एकदम पंगतीत नाही बसवत." दुसऱ्या दिवशी मी बाईंना हेच सांगितलं. फोननं भाषांतर केलं आणि त्या पहिल्यांदा हसल्या. "तुझ्या वडिलांना अक्कल आहे," म्हणाल्या. मग थोडं थोडं पाणी, आळ्यात वाळक्या गवताचं आच्छादन, खोडाला जुनी चादर गुंडाळून सावली. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न, वडील काय म्हणाले? मला आठवेल ते मी सांगायचे. आठवणं संपलं तेव्हा, बाबा, मी तुमच्या तोंडी माझंच घालायला लागले. गंमत म्हणजे बाईंना फरक कळला नाही, आणि हल्ली मलाही नीट सांगता येत नाही.

ऑगस्ट सरताना झाडाला कळ्या आल्या. इथं फुलांचा मोसम वसंतात, त्यामुळे शेजारपाजारचे येऊन बघून गेले. एक म्हातारा मान हलवून म्हणाला, यांची फळं थंडीत सापडतील, जाड सालीची निघतील. दुसऱ्यानं गोडच निघतील म्हणून पैज लावली. मलाही जबर उत्सुकता आहे. आपला मृगाचा बहर फेब्रुवारी-मार्चात गोड होतो, पण या हवेत काय होईल? तुम्ही असता तर रोज सकाळी आधी हेच विचारलं असतंत. काल बाई म्हणाल्या, करार वर्षभर वाढवते. ही भलत्या वेळची फळं तुझ्यामुळे येणार, ती तू खाऊन बघायची, मग कुठं जायचं तिथं जा. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

आणि लगेच म्हणाल्या, आता वडिलांना फोन लाव, मला त्यांना बघायचंय. मी म्हटलं, ते शेतात असतील, तिथं रेंज नसते. "मग उद्या दुपारी, तिकडे संध्याकाळ झाली की," त्या म्हणाल्या. ती दुपार आज आहे. त्यांनी झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्यात, केस विंचरून बसल्या आहेत. हे लिहिलेलं लॅपटॉपमध्येच राहील, आता खाली जाऊन त्यांना सांगायला हवं. पण तीन महिने या गावात तुम्ही जिवंत होतात, बाबा, आणि मला अजून उठावंसं वाटत नाही.