निळ्यावरच्या लाल काड्या

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार
नोकरी पक्की झाली. लॅबच्या डॉक्टर मोहिनी शेजवळ यांनी आज सकाळी स्वतः सांगितलं. पिंपळगावला फोन केला. आई म्हणाली, पांढऱ्या कोटातला एक फोटो पाठव. लॅब पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर. माझ्याकडे टीबीच्या तपासण्या. काडीनं बेडका काचेवर पसरायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा, लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, मग आम्लानं धुवायचा. बाकी सगळ्याचा लाल उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही. शेवटी निळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर लाल काड्या, म्हणजे जंतू, दिसल्या की रिपोर्ट पॉझिटिव्ह.

५ नोव्हेंबर
बेडक्यांच्या डब्या उघडताना खाल्लेलं वर येतं. हिरवट, तार धरणारे बेडके; एकात पानाची पिंक, एकात भाताचं शीत. मदतनीस कुसाबाई पेठ तालुक्याकडच्या. मी नाकाला रुमाल लावला की हसतात. म्हणाल्या, "हिरामणभाऊ, लिंबू हुंगा. नवरीवानी तोंड नका झाकू."
रंग नीट लागलाय का हे कळायला रोज एका निरोगी माणसाची काच सोबत लावतात. मी माझीच थुंकी घेतो. आयती असते.

८ नोव्हेंबर
माझ्या काचेवर तीन लाल काड्या. शेजवळ मॅडम म्हणाल्या, काच जुनी असेल. इथे काचा सोड्यात उकळून पुन्हा वापरतात. कधी आधीचा थर राहून जातो. म्हणजे कुणाच्या तरी छातीतली घाण, आणि तिच्यावर माझी थुंकी. जेवणाचा डबा उघडलाच नाही आज.

१० नोव्हेंबर
या काचा कुणी वापरलेल्या, असं कुसाबाईंना विचारलं. माझ्या आधीच्या यादवांनी, म्हणाल्या. तेही रोज आपलीच थुंकी लावायचे. ते आता कुठे असतात, विचारलं.
"वारले ना दसऱ्याआधी. लय खोकत व्हते. काचा मातर चांगल्या हायेत, एकीला चीर नाय."

१२ नोव्हेंबर
काचांची नवी पेटी फोडली. कोरी काच, माझी थुंकी. अकरा काड्या.

१३ नोव्हेंबर
कालचीच काच पुन्हा पाहिली. ज्योतीवर भाजलेली, आम्लात धुतलेली. तिच्यावर जिवंत काही उरत नाही. आज चाळीसच्या वर. एकमेकींना चिकटून, पुंजक्यानं. तोंड सारखं चिकट लागतंय. चूळ भरली तरी तार तुटत नाही.

१५ नोव्हेंबर
मॅडमना काच दाखवली. बघितली आणि खुर्ची मागे सरकवली. तीन सकाळचे तीन बेडके द्या म्हणाल्या, तिन्ही स्वतः तपासणार. तोवर इतर काचांना हात लावायचा नाही. आईला काही कळवलं नाही.

१७ नोव्हेंबर
दोन झाले. दोन्हीत लाल — निळं शोधावं लागतं. कुसाबाई माझी डबी चिमट्यानं उचलतात. हसत नाहीत.
घशात काहीतरी सरकतंय. गिळलं तरी —

१८ नोव्हेंबर, सकाळ
नऊला मॅडम तिसरा बघतील. मग छातीचा फोटो. मग नोकरीचं —
निघाला. गरम. जड. काचेवर अजून घेतलेला नाही, रंगाची बाटली कपाटात तशीच बंद, आणि डबीत सगळं लाल, लाल आणि ते हल—