पवनचक्कीला बांधलेला दोर

श्रावण, सन २००३

ती. रा. रा. पुंजाराम पाव्हणे यांस तीर्थपुरीहून कडूबाचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधता की कंटाळून सोडलं? इकडं सगळं ठीक आहे. म्हणजे तुमच्या बहिणीला सर्दी आहे, मला झोप नाही आणि आभाळात पाऊस नाही. बाकी तुम्ही काळजी करू नका, ती मी करतोच आहे.

पत्रास कारण की, आपल्या विहिरीवरची पवनचक्की गावानं दोरानं बांधून टाकली. (तीच, जिच्याखाली तुम्ही जेवायला बसला होता आणि वरून तेल गळून तुमचं धोतर खराब झालं होतं. त्याबद्दल तुमची बहीण द्वारकाबाई अजून मलाच बोलते.) झालं असं, की आपला मेंढरंवाला त्रिंबक बाजारात दाढी करायला गेला. तिथं त्याला कळलं की पवनचक्की ढग पळवते. कुणी सांगितलं, तर बाकावरच्या गिऱ्हाइकानं. त्याला कुठून कळलं, तर पेपरातून. कोणता पेपर, तर ज्यात भजी बांधून दिली होती तो, आणि तेलामुळं त्यातलं अर्धंच वाचता येत होतं. संध्याकाळपर्यंत मात्र सगळ्या गावानं ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होती. सरपंच रखमाजी पारावर म्हणाले, "ढग कडूबाच्या विहिरीपर्यंत आल्ता. चाक फिरलं, अन् बराबर भोकरदनच्या वाटेला लागला." मी म्हणालो, "सरपंच, चाक वाऱ्यानं फिरतं, ढगही वाऱ्यानंच जातो." त्यावर त्रिंबक म्हणाला, "मंग दोघांचं साटंलोटं हाये म्हना ना!" सगळे हसले. (खोटं कशाला बोलू, मीही हसलो.) हसता हसता दोर बांधला गेला. दोरही माझाच.

आता विजेचं तुम्हाला ठाऊक आहे, येते तेव्हा आपण झोपलेले असतो. चक्कीनं उपसलेल्या पाण्यावरच मोसंबीची बाग जगते. झाडांनी पानं मुडपली आहेत. वारा सुटला की दोर ताणून चक्की कण्हते, आणि मी अंगणात उठून बसतो.

राहवेना म्हणून बदनापूरच्या शेतकी केंद्रावर गेलो. एका तरुण साहेबांनी चहा पाजून समजावलं, की चक्कीनं ढग हलत नाही. पण जगभरच्या कारखान्यांचा, मोटारींचा धूर वर साठून हवा तापत चालली आहे आणि पावसाचा नेम त्यानं बिघडत जाईल. यंदाचा पाऊस त्यामुळंच गेला का, हे मात्र छातीठोक सांगता येत नाही, असंही म्हणाले. (साहेब असून "सांगता येत नाही" म्हणतो, हे गावात कुणाला पटलंच नाही.) द्वारकाबाई म्हणाली, "धूर तं माझ्या चुलीचा बी हाये. सैपाक बंद करू का?" त्रिंबकानं विचारलं, "काका, त्यो जगाचा धूर दिसतो का?" म्हणालो, न्हाई. "चाक दिसतं?" दिसतं. "मंग!"

पाव्हणे, त्रिंबकाला कसं हसू? मीसुद्धा साहेबांना निघताना हेच विचारलं होतं, की धुराचं खरं असेल तर मग दोर बांधायचा कुठं? त्यांनी आणखी एक चहा मागवला.

दोर बांधूनही आभाळ कोरडंच आहे. गाव म्हणतं, ढगांना अजून खबर पोचली नसेल.

तर तुमच्या भोकरदनकडं पाऊस झाला का, ते खरं खरं कळवा. पोराबाळांना आशीर्वाद.

आपला,
कडूबा (चौथी पास)

ता. क. : पाऊस झाला नसेल तर जल्दी कळवा, आणि मोठ्या अक्षरात. तुमचं पत्र पारावर वाचून दोर सोडायचं सरपंचांनी कबूल केलं आहे.

ता. क. : झाला असेल तर पत्र बिलकुल टाकू नका. स्वतःच या. येताना धोतराला चिखल नको.

ता. क. : आणि आलात की, ढग कोणत्या बाजूनं आले ते फक्त माझ्या कानात सांगा. माझा ह्या गोष्टीवर विश्वास नाही. तरी चक्कीचं तोंड उलट्या बाजूला फिरवून बसवता येतं का, ते मिस्त्रीला विचारून ठेवलं आहे.