उघडं चाक

५ जानेवारी

आलो एकदाचा नाशिक रोडला. अम्मीने दिलेला डबा नांदगावला भरलेला होता, मनमाड यायच्या आत रिकामा झाला, त्यामुळे उतरताना ओझं कमी. रहेमानचाचा स्वतः स्टेशनवर घ्यायला आले होते. ते अब्बांचे जुने दोस्त. जेलरोडला त्यांचं गॅरेज आहे. जुन्या मोटरसायकली आणायच्या, पार उघडायच्या आणि हौशी गिऱ्हाइकाला हव्या तशा नव्याने बांधून द्यायच्या, हा धंदा.

गॅरेजच्या वर एक खोली आहे. खिडकीतून पेरूचं झाड दिसतं. चाचांनी खोली दाखवली आणि परत कुलूप लावलं. म्हणाले, एक गाडी अडून बसलीय, तेवढी चालू करून दाखव. मग नोकरी पक्की, खोली तुझी, आणि सुनेला मी त्याच गाडीवरून स्टेशनवरून थाटात घेऊन येतो. लग्न झाल्यापासून तरन्नुम नांदगावला आणि मी कधी मनमाड, कधी मालेगाव, जिथे काम तिथे. मी त्या कुलपाकडेच बघत राहिलो. तोवर झोपायचं खाली, टायरांच्या ढिगामागे.

शाळा मराठी झाली म्हणून रोजनिशीही मराठीत. तरन्नुम म्हणते, मुझफ्फर, तुला तोंडाने बोलता येत नाही म्हणून तू लिहितोस. खरं आहे.

८ जानेवारी

गाडी चाचांनी कळवणच्या पुंजा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून आणलीय. एका सिलिंडरची, जड, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. गंजलीय, पण मोडलेली नाही. गिऱ्हाईक रुद्र, कॉलेज रोडचा पोरगा. त्याला मागचं सीट नको, मडगार्ड अर्धं हवं, चाक सगळं उघडं दिसायला हवं. हल्ली असंच चालतं. आम्ही हो म्हणायचं.

आज मागचा सगळा साज उतरवला. मागे बसणारीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून बाजूला लोखंडी जाळी लावतात, ते साडी गार्ड या गाडीला दोन्हीकडून होतं. इतर गाड्यांवर दोन बोल्ट असतात, सोडले की झालं. इथे ती जाळी सगळीकडून वेल्डिंग करून पक्की केलेली. कुणीतरी पुन्हा कधी निघूच नये म्हणून लावल्यासारखी. ग्राइंडरने कापताना दुपार गेली आणि कंबरही गेली. जाळी भंगाराच्या कोपऱ्यात टाकली.

१२ जानेवारी

इंजिन चालू झालं. दुसऱ्याच किकला. चाचांनी माझ्या पाठीत असा धपाटा मारला की चहा सांडला.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला नाही. गाडी स्टँडवर असताना न्यूट्रलमध्ये कितीही वेळ फिरते, एकसारखी. गिअर टाकला, मागचं चाक फिरू लागलं, की थोड्या वेळात खाडकन बंद. पेट्रोल संपताना इंजिन गचके देतं, फडफडतं. हे तसं नाही. चालता माणूस दंडाला धरून थांबवावा तसं.

१५ जानेवारी

कार्बोरेटर तीनदा उघडला. जेट साफ केले, पॉइंटची गॅप बघितली, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर हवा न मिळाल्याने गाडी अशीच बंद पडते, म्हणून तेही बघितलं. साफ. मागचे ब्रेक चिकटत नाहीत, बेअरिंग नवीन, चेन सैल. सगळं ठीक आहे आणि गाडी बंद आहे. डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल म्हणावेत आणि पेशंटने उठू नये, तसली गत.

हाताला ग्रीसचा वास इतका मुरलाय की भाकरीलाही तोच लागतो. तरन्नुमचा फोन आला होता. नव्या घरात यायचं म्हणून तिने फिरोजी रंगाची ओढणी घेतलीय, पण ती बुटकी आणि ओढणी लांब, जमिनीला लागते. कापून लहान करू का, विचारत होती. मी म्हटलं, राहू दे, छान दिसेल.

१८ जानेवारी

आज मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये धागे सापडले. हिरवे, जुन्या सुती लुगड्याचे असतात तसे, एखादा तांबडा काठाचा. एक्सलभोवती घट्ट गुंडाळलेले. वाटलं, चला, आजार सापडला. चिमट्याने सगळे ओढून काढले, हब पुसून ठेवला.

दुपारी गिअर टाकला. बंद. हब उघडला, तर तितकेच धागे पुन्हा. आणि जळक्या कापडाचा वास.

मी आज कापड वापरलंच नव्हतं. चाचांना सांगितलं, तर ते चिडले. गॅरेजात असल्या गोष्टींचं नाव काढायचं नाही, गिऱ्हाईक पळतं, म्हणाले. बरं, नाही काढत.

२० जानेवारी

रोज काढतो, रोज येतात. डब्यात साठवतोय. टाकून द्यायला हात होत नाही. आज धाग्यांत बांगडीचा तुकडा होता, काचेचा, हिरवा. चाक हाताने फिरवलं तर फिरता फिरता थांबतं आणि किंचित उलटं येतं. कुणी मागे ओढल्यासारखं.

झोप नाही. जेवणही नको वाटतं. रुद्र दर दिवसाआड विचारतो. चाचा आज वरच्या खोलीत टायर ठेवावेत का, असं मोठ्याने म्हणाले. मला ऐकू जावं म्हणूनच.

२२ जानेवारी

हात नीट चालत नाही, तरी लिहितो.

बोट कापलं होतं, त्यावर फडकं गुंडाळलेलं. टोक लोंबत होतं, लक्ष नव्हतं. गाडी गिअरमध्ये, चाक जोरात फिरतंय, मी वाकून चेन बघत होतो — आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. बाईचा हात. काकणं लागली मला. थंड. मागे खेचलं, इंजिन बंद, चाक जागच्या जागी थिजलं.

भर दुपारी. चाचा पलीकडे फोनवर बोलत होते. मनगटावर पाच वळ आहेत. तिला माझा हात हवा होता. मी घाबरलोय, अगदी आतून घाबरलोय. पळून नांदगावला जावं वाटतं. गेलो तर ती खोलीही गेली.

२३ जानेवारी

डोकं चालत नव्हतं म्हणून एक उलटीच गोष्ट केली. भंगारातली जाळी आणून तारेने बांधली. गिअर टाकला.

गाडी तासभर फिरली. एक धागा नाही.

जाळी सोडली. बंद.

बांधली. चालू.

रुद्रला जाळी लावून देऊ का, असं चाचांना विचारून बघितलं. हसले. म्हणाले, उघड्या चाकासाठीच तर तो गाडी घेतोय.

२५ जानेवारी

चाचांना तब्येतीचं सांगून कळवणला गेलो. एसटीत उभ्याने. पुंजाबाबा अंगणात कांदा निवडत होते. धाग्यांचा डबा उघडून दाखवला, तर त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. मग धागा गालाला लावला.

बायडाबाई त्यांची मंडळी. तरुण असतानाच गेली. बाजाराचा दिवस, कांद्याच्या गोण्या दोन्ही बाजूंनी लटकवायच्या होत्या, जाळी आड येत होती म्हणून बाबांनीच काढून ठेवली. येताना गोण्या नव्हत्या, जाळीही नव्हती. तिचा पदर मागच्या चाकात गेला. पदर मानेभोवती होता. तेरावा झाल्यावर बाबांनी जाळी वेल्डिंग करून घेतली आणि पुन्हा कुणाला मागे बसवलं नाही.

अस्थी त्या वेळी गिरणेतच सोडल्या, रामकुंडावर न्यायचं राहून गेलं, याचा त्यांना घोर. मला म्हणाले, "ती आडकून पडलीय रे पोरा. लय वर्सं झाली. तिला सोडवाया पायजे."

मलाही तेच हवं होतं. तिने जावं.

२७ जानेवारी

बाबा सकाळीच आले. रामकुंडावर त्यांनी गुरुजींकडून विधी केला, मी चपला सांभाळत पायरीवर बसलो. धागे, बांगडीचा तुकडा, सगळं पाण्यात सोडलं. धागे थोडे तरंगले, मग गेले. बाबा लहान मुलासारखे रडले. सुटली, म्हणाले. मीही माझ्या परीने दुवा मागितली. तिच्यासाठी मागितली, खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही.

गॅरेजात आलो. उघडं चाक, गिअर टाकला. चालू. चालूच.

२८ जानेवारी

दिवसभर पळवली. देवळाली कॅम्पपर्यंत जाऊन आलो. कुठे गचका नाही. हब कोरडा. एक धागा नाही. चाक आता नुसतं चाक आहे.

चाचांनी खोलीची किल्ली माझ्या खिशात घातली आणि स्वतःच नांदगावला फोन लावला. तरन्नुम उद्या येतेय. त्यांना कळवणचं काही सांगितलं नाही. आता सांगून काय करायचं. इतका थकलोय की आनंदसुद्धा उद्या करीन.

२९ जानेवारी

झोपून राहिलो. ऊन पार डोक्यावर आलंय. चाचांनी उठवलं नाही. गाडी जागेवर नाही.

फोनवर चाचांचा फोटो आलाय. दमलेल्याला झोपू दिलं, सुनेला घेऊन निघालो, असं खाली लिहिलंय. गाडी स्टेशनबाहेर उभी. अर्ध्या मडगार्डवर चाचांनी छोटी गादी बांधलीय. तरन्नुम एका बाजूला बसलीय, हसतेय. फिरोजी ओढणी. गळ्याभोवती एक वेढा, आणि टोक खाली, चाकापाशी —

जाळी इथेच आहे. कोपऱ्यात.

माझं फडकं लोंबत होतं त्या दिवशी. तिने मनगट धरलं. माझा हात तिला नको होता. ती माझा हात बाहेर ओढत होती. दर वेळी चाक धरत होती. कुणी बसायच्या आधी — आणि मी तिला —

चाचा फोन उचलत नाहीत. तरन्नुम उचलत नाही. रस्त्यापर्यंत पळालो, दोन रस्ते आहेत, कुठून येतील कळेना, परत आलो. पुन्हा लावतोय. हात रिकामा ठेवला तर वेड लागेल.

रिंग जातेय.

आवाज आला. आमचीच गाडी. लांबून ओळखतो मी तिला. एकसारखी येतेय, कुठे अडखळत नाही. इतके दिवस हाच आवाज मागत होतो.

बायडाबाई, कुठे असाल तिथून या. धरा ते चाक. एकदाच. बंद पडू दे. मी परत कधीच दुरुस्त करणार नाही —

कोपऱ्यावर आली. चालूच आहे. कुणीतरी ओरडलं — ब्रेक असेल, ब्रेकच — इंजिन अजून चालूच आहे, थांबत का नाही, थांब, थां