विटांवर रंगवलेल्या विटा

सर, ताराबाई पार्कातल्या तुम्ही काकूंना बांधून दिलेल्या घराला त्यांनी तांबडाभडक ऑइलपेंट फासलाय. तेवढ्यावर थांबल्या नाहीत, पेंटरकडून वर पांढऱ्या रेघाही मारून घेतल्या. म्हणजे विटांवर विटांचं चित्र! दसऱ्याआधी घर रंगवायचंच ही आपल्याकडची रीत, ती तुम्ही ब्याण्णव साली ते घर बांधताना मोडीत काढली होती. सगळ्या विटा उघड्या, गिलावा नाही, रंग नाही. गल्लीतले लोक काकूंना विचारायचे, पैसे संपले काय हो? काकू गुळाच्या बड्या व्यापाऱ्याची बायको, त्यांना केवढं लागत असेल.

मी तेव्हा तुमच्या ऑफिसात शिकाऊ आर्किटेक्ट म्हणून नवी होते. एका भिंतीचे सांधे वाकडे दिसले म्हणून गवंड्याला म्हटलं, एवढ्यापुरता गिलावा मारून घ्या. तुम्ही मागंच उभे होता. "झाकाझाकी करायची असेल तर पडद्यांचं दुकान काढ," म्हणालात आणि भिंत उतरवायला लावलीत. घरी जाऊन मी रडले. आणि तेच तुम्ही काकूंच्या जुन्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खाता खाता त्यांचा हात कुठंवर पोचतो ते बघत होता. नव्या घरात त्यांना बसून भाकरी थापायला बुटका ओटा दिलात. त्या ओट्यापायी काकूंनी तुमच्या सगळ्या विटा सहन केल्या.

तुम्ही गेल्यापासून दर वर्षी मी माझ्या आर्किटेक्चर कॉलेजची मुलं ते घर बघायला नेते. काकू सगळ्यांना चहा देतात आणि स्वतः मात्र "आमचं अर्धवट घर" असंच म्हणतात. मागच्या वर्षी त्यांचे मुलगे घर पाडायला निघाले. थोरल्याच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, त्यांना असल्या घरात बसवायचं कसं? त्यापेक्षा अपार्टमेंट बांधू. मी जाऊन भांडले, मासिकात छापून आलेले फोटो दाखवले. धाकटा म्हणाला, छान आहे, तुम्हीच राहायला या. शेवटी काकूंनी मला आत ओट्यापाशी नेलं.

"पोरास्नी घराची लाज वाटत्या. रंग लावला तर ऱ्हाईल, न्हाईतर पाडत्यात बघ. लावू काय? तू सांग."

मी नको म्हणाले नाही. दसऱ्याला घर लालभडक. पाहुणे आले, घर झकास आहे म्हणाले, आणि पाडायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. यंदा आलेली मुलं फार हळहळली. रंग खरवडून काढू या का, असं एकीनं विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार म्हणा. तो रंग बघून माझाही जीव जळतो, सर. पण तुम्ही हयात असता तर तुमच्या धाकानं मी काकूंना ठाम नको म्हटलं असतं, आणि आज तिथं अपार्टमेंट असतं.