तिच्यासारखं गा

३ मार्च
नाही म्हणजे नाही! रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी आज पुन्हा त्या बाईंचं गाणं लावलं. सध्या जिकडेतिकडे ज्या वाजतात, त्याच. "असं हवं. गोड, गुळगुळीत. तिच्यासारखं गा." मग त्यांनाच बोलवा की! – तोंडावरच म्हटलं.

माझा आवाज घोगरा, वर गेला की फाटतो. शाळेत प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. आता शब्द माझे, चाल माझी, आणि आवाज तेवढा उसना?

५ मार्च
आई म्हणते, "जरा नमतं घे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" म्हटलं, मासा कोण ते आधी ठरू दे.

९ मार्च
कंपनीच्या संगीत संयोजकाने माझं तयार झालेलं गाणं ऐकवलं. मशीनमधून काढलेलं. फाटायची जागा इस्त्री फिरवल्यासारखी सपाट! श्वाससुद्धा पुसून टाकलेत.
"ही कोण?"
"तूच की."
"मग श्वास का घेत नाही? मेली की काय?"
तो खो खो हसला. मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, "मूळचं ठेवलंय मी. पुसलं नाही."

१४ मार्च
साहेबांनी करार पुढे सरकवला. सही कर, नाहीतर चालू लाग. "तुझ्यासारख्या छप्पन्न पाहिल्यात."
"छप्पन्नही एकसारख्याच गात असणार. म्हणून तर सत्तावन्नावी शोधताय!"
निघाले. दादा जिन्यात थांबला होता – माझा भाऊ, माझ्या गाण्यांना ड्रम वाजवतो. सगळं ऐकून म्हणाला, "बरं झालं. त्यांच्या ठेक्यावर मला झोप यायची."

२ एप्रिल
छोटंसं सभागृह. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आवाज फाटला तशी पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. कान तापले माझे. दादाने माझ्याकडे पाहिलं – थांबू? मी तीच ओळ पुन्हा घेतली. आणखी वर! पुन्हा फाटला. पुन्हा घेतली. चौथ्यांदा कुणी हसलं नाही. पाचव्यांदा मागून कुणीतरी माझ्याबरोबर ओरडून गायलं, तेही बेसूर. मग सगळेच. असलं समूहगान जन्मात ऐकलं नव्हतं!

११ जून
संयोजकाने जपून ठेवलेलं मूळ गाणं आम्ही लोकांसमोर टाकलं आणि ते चाललं! बसमध्ये माझ्याशेजारची बाई तेच ऐकत होती. मी खिडकीबाहेर तोंड करून हसत बसले. साहेबांचा फोन – "मी म्हणतच होतो." काय म्हणत होतात हो?

२० ऑगस्ट
एका गायन स्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी, परीक्षक! शेवटी एक मुलगी आली, सतरा-अठरा वर्षांची. तोंड उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. तोच घोगरेपणा, वर गेल्यावर तेच फाटणं. उघड उघड चोरी! माइकवरच सुनावलं – "नक्कल नको. ज्याने त्याने स्वतःचा आवाज शोधावा." टाळ्या पडल्या.
ती म्हणाली, "ताई, माझा आवाज असाच आहे."
लोक हसले. मीही हसले.

२१ ऑगस्ट
दादा जेवताना म्हणाला, "काल हुबेहूब साहेबांसारखी बोललीस." ताटावरून उठले. त्याला काय कळतंय!

२२ ऑगस्ट
काही नाही. गाता आलं नाही.

२३ ऑगस्ट
आयोजकांकडून पत्ता काढून तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. माफी मागितली. "राहू दे. गाणं सोडलंय मी," म्हणाली. मी उंबऱ्यावरच बसले. "गायल्याशिवाय हलणार नाही. नाहीतर हाकलून दे मला, पण तुझ्या आवाजात." ती संतापून ओरडली – "चालत्या व्हा!"

काय आवाज होता! माझ्यासारखा मुळीच नव्हता.