फोटोतला हार

नोएडा,
२९ डिसेंबर

प्रिय हेमांगी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. धुक्यामुळे उल्हासची ऑफिसची कॅब रोज उशिरा येते नि नवरोबा वैतागतात, आईंचा गुडघा कुरकुरतो. त्यांनी हेरंबला पापा सांगितलाय.

फोनवर मी "मस्त चाललंय हं तुझं!" म्हणून मोकळी होते, म्हणून आज लिहितेय.

रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. एक बाई हसत पुढे आल्या. "अच्छा, त्या ऑनलाइन हलव्याचे दागिने विकतात, त्या हेमांगीच्या जाऊबाई ना तुम्ही?" मी अगदी गोड हसले. घरी येईपर्यंत जबडा दुखत होता. गाडीत आई म्हणाल्या, "धाकटीने नाव काढलं हो!"

खरंच काढलंस. तू गुरुग्रामच्या फ्लॅटमधून थेट बंगळुरूला पार्सलं धाडतेस. मी इतकी वर्षं दर संक्रांतीला हलवा करते आणि ओळखीपाळखीत वाटून टाकते. विकायचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी धीर झाला नसता. मग राग कशाचा?

तुझ्या दुकानाचं पान मी रोज सकाळी उघडते. वाईट अभिप्राय आधी वाचते. परवा एकीने लिहिलं होतं, "फोटो में कुछ और, डिब्बे में कुछ और." वाचून मी पुन्हा चहा टाकला. आलं घालून.

संध्याकाळी तुझा फोन आला. "वहिनी, माल परत येतोय. अजून तक्रारी आल्या तर साइटवाले ऐन संक्रांतीत माझं दुकान बंद करतील. माझं काय चुकतंय हो?"

मी म्हटलं, "हवा दमट असेल गं."

हवेचा काही संबंध नव्हता. तू हार सुबक ओवतेस, पण हलवा आणतेस तो कारखान्यातला, गुळगुळीत. आणि फोटोत आहे हेरंबच्या बोरन्हाणाला मी केलेला हार. हीटर बंद ठेवून, शेगडीपाशी बसून, थेंब थेंब पाक घालत, बोटांनी फिरवून काटा आणलेला. लोक तो काटा बघून मागवतात. फोटो टाकताना तू मला विचारलं नाहीस. घरचाच हार, असं वाटलं असेल. मी तो पहिल्याच दिवशी ओळखला आणि गप्प बसले. तुझं बिघडायची वाट बघत.

उल्हासबरोबर डबा पाठवतेय. काटा बघ, दिल्लीच्या थंडीत काय सुरेख धरतो! फोटो बदलू नकोस, हलवा बदल. शनिवारी इकडे ये, शिकवते. बोटं पोळतील, तयारी ठेव.

फक्त फोटोखाली माझं नाव घाल. हे मागणंही त्याच जळण्यातून आलंय का, असं स्वतःला फार विचारलं. असेल. तरी मागतेय.

आणि हार कोणाचा, ते आईंना तू सांग. मी सांगितलं तर चहाडी होईल.

तुझी वहिनी

(फोटोखाली नुसतं 'विनया' लिही. 'हेमांगीच्या जाऊबाई' नको.)