गावाचा मूड आणि आमची बैठक

तीर्थस्वरूप हणमंतरावमामा (आणि सासरेबुवा, दोन्ही नात्यांनी वंदन),

तुमचा गुडघा आणि धर्माबादची आडत दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे मी सोडून सगळे खुशाल. फोन करत नाही, कारण मी फोनवर सोयाबीनचं नाव काढलं की सबंध आळी कान टवकारते.

मामा, मी पार बुडालो. मोबाइलवर एका जाणकारानं सांगितलं की बाजार मालावर नाही, माणसांच्या मनावर चालतो. सगळे रडकुंडीला आले की भाव तळाला गेला समजावं आणि माल धरून बसावं. मला पटलं (शिकल्याचा हा तोटा). म्हणून मी गावाचं मन मोजायला दारोदार फिरलो. कसं चाललंय, दिवाळीला काय घेणार, एवढंच विचारत होतो. पण गावात बोभाटा झाला (हे मला फार मागून कळलं) की तलाठ्यानं मला नुकसानीच्या पंचनाम्याला लावलंय! मग काय विचारता? दगडोबानं नवा ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीमागं दडवला आणि "समदं गेलं, काईच न्हाई राहिलं" म्हणून डोळ्याला उपरणं लावलं. साखराबाई म्हणाली, म्हैस आटली. तिच्या हातात दुधानं भरलेली बादली होती, ती मला दिसलीही. पण मी तिच्या डोळ्यांतलं पाणी बघत होतो.

इतकं दुःख एकाच गावात बघून मला फार आनंद झाला. तळ सापडला! त्यात तुम्हीही माल धरून बसलाय असं कानावर आलं, मग तर खात्रीच झाली. मी सोयाबीनचं एकही पोतं विकलं नाही. मी विकत नाही म्हटल्यावर वैजनाथला आतली खबर असणार म्हणून गावानंही विकलं नाही. भाव मात्र रोज खाली. आता पोती बैठकीच्या खोलीत आढ्याला टेकलीत, आणि येत्या रविवारी भोकरचे पाहुणे तनुजाच्या साखरपुड्याला येणार. तुमची लेक अंबिका विचारते, व्याह्यांना पोत्यांवर बसवू का? ज्याला माल विकायची अक्कल नाही त्याची पोरगी कोण करील, या धास्तीनं तनुजा माझ्याशी बोलत नाही. जेवण जात नाही, मामा.

आपला,
वैजनाथ

ता. क. रविवारच्या आत टेम्पो पाठवून माल तुमच्या आडतीवर न्या. कुणी विचारलं तर ड्रायव्हरनं मंडपाचं सामान म्हणावं. मी विकतोय असं कळलं तर सगळं गाव माल घेऊन मोंढ्याकडं धावेल आणि भाव आणखी पडेल.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवताना अंबिकेनं पत्र वाचलं आणि हसत सुटली. म्हणते, "बाबा तर रोज फोनवर मलाच इचारतेत, जावई इकून राहिले का? न्हाई म्हणलं की तेबी थांबतेत. त्यांचंबी गोदाम गच्च हाय." मामा, मला तर तुमच्या न विकण्याचाच शेवटचा आधार होता! आता टेम्पो राहू द्या. तुम्हीच या, दोघं मिळून पोती अंगणात काढू. गाव बघायला जमेल आणि आपले चेहरे बघूनच विकायचं की धरायचं ते ठरवील, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा तेवढं येताना ठरवून या.